पालकांना सांगण्याआधी विचारा: बालशिक्षणात घर, शाळा आणि वस्ती एकत्र कशी येतात

समजा, साडेतीन वर्षांची एक मुलगी नुकतीच बालवर्गात जायला लागली आहे. दोन महिने झाले तरी वर्गात ती तोंड उघडत नाही. शिक्षिकेला काळजी वाटते आणि ती नोंदवहीत लिहिते की मुलगी बोलण्यात मागे आहे. घरी मात्र हीच मुलगी बाहुल्यांना ओळीने बसवते, शिक्षिकेच्या आवाजात त्यांना दटावते आणि वर्गात ऐकलेलं प्रत्येक गाणं चालीसकट म्हणून दाखवते. घरच्यांना वाटतं, पोर शाळेत छान रुळली. दोघांनी जे पाहिलं ते खरंच आहे. पण शिक्षिकेला घरची मुलगी माहीत नाही आणि घरच्यांना वर्गातली. दोघांचं दहा मिनिटं निवांत बोलणं झालं, तर शिक्षिकेला कळेल की हिला बोलता उत्तम येतं, फक्त इतक्या नव्या चेहऱ्यांसमोर आवाज काढायला वेळ हवा आहे. मग 'बोल ना, बोल ना' हा आग्रह थांबेल, तिच्या हातात एखादी बाहुली येईल आणि बहुधा बाहुलीच्या तोंडून पहिलं वाक्य ऐकू येईल.

कुटुंब, शाळा आणि समाज यांच्या भागीदारीबद्दल धोरणांत आणि शाळांच्या माहितीपत्रकांत बरंच लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात तिचा अर्थ बहुतेक ठिकाणी एवढाच उरतो की पालकांनी सभेला यावं, कार्यक्रमाला टाळ्या वाजवाव्यात, सूचना वाचून सही करावी आणि मागितलेलं सामान वेळेवर पाठवावं. यात चूक काहीच नाही, पण सगळी माहिती शाळेकडून घराकडेच जाते. वरच्या मुलीच्या बाबतीत अशा दहा सभा झाल्या असत्या तरी कोडं सुटलं नसतं, कारण सभेत तिच्या आईला कुणी काही विचारलंच नसतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. भागीदारीचं पहिलं पाऊल शाळेने टाकायचं असतं, कारण जागा, वेळापत्रक आणि अधिकार शाळेच्या हातात असतात. आणि ते पहिलं पाऊल म्हणजे पालकांना काही सांगणं नव्हे, त्यांना विचारणं.

याच वयात याला इतकं महत्त्व का

बालशिक्षणात जन्मापासून आठ वर्षांपर्यंतचा काळ धरला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणातही हीच मर्यादा घेतली आहे. या वयाचं एक वैशिष्ट्य सहज नजरेआड होतं. दहा वर्षांचं मूल शाळेत काय झालं ते घरी सांगू शकतं, घरात काय बिनसलंय ते बाईंना सांगू शकतं. तीन वर्षांच्या मुलाला हे जमत नाही. रात्री झोप झाली नाही म्हणून आपण चिडचिड करतोय, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं. वर्गात एका मुलाने ढकललं म्हणून आज घरी आल्यापासून आपण आईला सोडत नाही, हे त्याला शब्दांत मांडता येत नाही. या दोन जगांमधला निरोप्या ते स्वतः होऊ शकत नाही, म्हणून ते काम मोठ्यांना करावं लागतं. मोठ्यांनी ते केलं नाही तर मूल दोन्ही ठिकाणी चुकीचं समजलं जातं.

वेळेचा हिशेब केला तरी हेच दिसतं. मूल दिवसातले साधारण बारा तास जागं असतं असं धरू, म्हणजे वर्षाचे ४,३८० तास. बालवर्ग रोज चार तास आणि वर्षातून २०० दिवस चालला तर त्याचे तास होतात ८००. म्हणजे मुलाच्या जागेपणातला पाचवा हिस्साही शाळेच्या वाट्याला येत नाही. उरलेल्या वेळात ते घरात, अंगणात, शेजारी, प्रवासात शिकतच असतं. हे शिकणं शाळेला दिसत नाही, एवढंच.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ यूरी ब्रॉन्फेनब्रेनर यांनी १९७९ मध्ये या विचाराला एक चौकट दिली. मूल एकात एक असलेल्या अनेक वर्तुळांत वाढतं, असं त्यांनी मांडलं. घर, बालवर्ग आणि शेजार ही आतली वर्तुळं. आईवडिलांच्या कामाच्या वेळा, सरकारी धोरणं, समाजाच्या समजुती ही बाहेरची. त्यांच्या मांडणीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग म्हणजे आतल्या वर्तुळांमधले दुवे. मूल वाचायला किती चांगलं शिकेल हे त्याला कसं शिकवलं यावर जितकं अवलंबून असतं, तितकंच घर आणि शाळा यांच्यातलं नातं कसं आहे यावरही अवलंबून असू शकतं, असं ते म्हणाले होते. उत्तम घर आणि उत्तम शाळा असूनही दोघांमध्ये अबोला असेल, तर मुलाचं नुकसान होऊ शकतं.

पुरावा काय सांगतो

बालशिक्षणाचा फायदा सांगताना एका प्रयोगाचा दाखला हमखास दिला जातो. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी शहरात १९६२ ते १९६७ या काळात झालेला पेरी प्रीस्कूल प्रकल्प. गरीब कुटुंबांतली १२३ मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागली गेली. ५८ मुलांना बालवर्ग मिळाला, ६५ मुलांना मिळाला नाही. पुढे कित्येक दशकं त्यांचा माग ठेवला गेला. बालवर्गात गेलेल्यांपैकी जास्त जणांनी शालेय शिक्षण पूर्ण केलं, मोठेपणी त्यांची कमाई जास्त होती आणि अटकेचे प्रसंग कमी होते. हे सगळं सांगितलं जातं, पण एक तपशील बऱ्याचदा गळतो. शिक्षिका रोज अडीच तास वर्ग घ्यायच्याच, शिवाय दर आठवड्याला प्रत्येक मुलाच्या घरी दीड तास जायच्या. आई आणि मूल यांच्यासोबत बसून वर्गात चाललेल्या गोष्टी घरी कशा पुढे नेता येतील ते पाहायच्या. परिणामात वर्गाचा वाटा किती आणि घरभेटींचा किती, हे या प्रयोगातून वेगळं काढता येत नाही. पण घरभेटी वगळून 'बालवर्गाचा फायदा' म्हणणं बरोबर नाही, एवढं नक्की.

घरभेटींचंच बळ पाहायचं असेल तर जमैकाकडे वळावं लागतं. किंग्स्टन शहरात १९८६-८७ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात ९ ते २४ महिन्यांची, कुपोषणाने वाढ खुंटलेली १२९ मुलं होती. त्यातल्या काहींच्या घरी दोन वर्षं, दर आठवड्याला तासभर, वस्तीतल्या आरोग्यसेविका जायच्या. त्या मुलाला शिकवून निघून जात नसत. घरच्या वस्तूंपासून बनवलेली खेळणी घेऊन त्या आईसोबत बसायच्या, मुलाशी कसं खेळायचं, खेळताना काय बोलायचं हे करून दाखवायच्या आणि खेळणं आठवडाभरासाठी ठेवून जायच्या. वीस वर्षांनी पाहिलं तेव्हा या मुलांची कमाई, भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती. भेट देणाऱ्या बायका उच्चशिक्षित तज्ज्ञ नव्हत्या, हे मला फार आशादायक वाटतं. आईचा हात धरून बदल घडला आणि भेटी थांबल्यावरही आई तिथेच होती.

इंग्लंडमध्ये १९९७ पासून सुमारे ३,००० मुलांचा तीन वर्षांच्या वयापासून पाठपुरावा करणारा मोठा अभ्यास झाला. त्यातून निघालेला एक निष्कर्ष पालकांना दिलासा देणारा आहे. पालक कोण आहेत, म्हणजे त्यांचं शिक्षण, पगार, हुद्दा काय, यापेक्षा ते मुलासोबत काय करतात हे जास्त महत्त्वाचं ठरतं. गोष्टी वाचणं, गाणी-बडबडगीतं म्हणणं, आकड्यांशी-अक्षरांशी खेळणं, बाहेर फिरायला नेणं अशा साध्या गोष्टींचा त्यात समावेश होता. कमी शिकलेल्या पालकांना 'तुमच्याकडून काय होणार' असं वाटायला लावणाऱ्या प्रत्येक शाळेने हे भिंतीवर लिहून ठेवावं.

'ज्यांनी यायला हवं ते येतच नाहीत'

शिक्षिकांच्या तोंडून हे वाक्य नेहमी ऐकू येतं आणि त्यामागचा थकवा खरा असतो. पण न येणाऱ्या पालकांकडे जरा त्यांच्या बाजूने पाहू. सभा सकाळी अकराला असते आणि ज्यांची रोजंदारी बुडते त्यांना अकरा वाजता येणं परवडत नाही. शाळेतून बोलावणं आलं म्हणजे काहीतरी तक्रार असणार, हा अनुभव पक्का झालेला असतो. काही पालकांच्या स्वतःच्या शाळेच्या आठवणी अपमानाच्या असतात. छोट्याशा खुर्चीवर बसून शिक्षिकेसमोर बोलताना त्यांना पुन्हा तेच लहान, चुकलेलं मूल झाल्यासारखं वाटतं. काहींना शाळेची भाषा नीट येत नाही आणि आपण बोललो तर हसं होईल अशी भीती असते. आणि पुष्कळांना मनापासून वाटतं की शिकवणं हे बाईंचं काम, त्यात आपण लुडबुड करू नये. हा आदर आहे. शाळा त्याला बेफिकिरी समजते, तिथे गैरसमज सुरू होतो.

दुसऱ्या बाजूला, शिक्षिकांना तरी हे कुणी शिकवलेलं असतं का? मुलांना कसं शिकवावं याचं प्रशिक्षण मिळतं. रागावलेल्या वडिलांशी, गप्प बसलेल्या आईशी, किंवा शिक्षिकेपेक्षा वयाने दुप्पट असलेल्या आजीशी कसं बोलावं, याचं क्वचितच. अमेरिकी अभ्यासक कॅरन मॅप यांनी सहकाऱ्यांसोबत तयार केलेली एक मांडणी यासाठीच उपयोगी आहे. क्षमता दोन्हीकडे वाढवावी लागते, पालकांची आणि शाळेतल्या माणसांचीही, असं ती सांगते. फक्त पालकांसाठी मार्गदर्शन शिबिरं भरवून हा प्रश्न सुटत नाही.

म्हणून हजेरीवरून पालकांची आस्था मोजू नये. रात्री कामावरून आल्यावर मुलाला मांडीवर घेऊन दिवसभराचं विचारणारे वडील शाळेच्या कुठल्याच वहीत दिसत नाहीत, पण मुलाच्या वाढीत ते दिसतात.

पहिले पंधरा दिवस

नात्याचा पाया कधी पडतो असं विचारलं तर मी प्रवेशाच्या पहिल्या पंधरवड्याकडे बोट दाखवेन. कित्येक ठिकाणी अजून रडतं मूल दारात उचलून घेतात, दार लावतात आणि पालकांना सांगतात, 'तुम्ही जा, थोड्या वेळात गप्प होईल.' मूल गप्प होतंही. पण थकून गप्प होणं वेगळं आणि निर्धास्त होऊन शांत होणं वेगळं. आणि दाराबाहेर कान देऊन उभ्या असलेल्या आईला त्या दिवशी जो संदेश मिळतो तो असा की इथे तुमचं काम नाही.

जर्मनीत १९८० च्या दशकात विकसित झालेली 'बर्लिन पद्धत' याच्या अगदी उलट जाते. पहिले तीन दिवस आई किंवा वडील मुलासोबत वर्गात येतात, साधारण तासभर थांबतात आणि मुलाला घेऊनच परत जातात. या तीन दिवसांत मुलाला एकटं सोडण्याचा प्रयत्नच करायचा नाही. पालकांनी एका जागी शांत बसायचं, मूल हवं तेव्हा त्यांच्याकडे येतं आणि पुन्हा खेळायला जातं. चौथ्या दिवशी पालक मुलाचा रीतसर निरोप घेऊन काही मिनिटं बाहेर जातात. तो चौथा दिवस सोमवार असेल तर प्रयोग पुढे ढकलतात, कारण सुटीनंतर मुलाची घडी विस्कटलेली असते. शिक्षिका मुलाला शांत करू शकली का, यावर पुढचा वेग ठरतो. काही मुलं आठवड्यात रुळतात, काहींना दोन-तीन आठवडे लागतात.

एवढी मोकळीक प्रत्येक शाळेला किंवा नोकरदार पालकांना जमेल असं नाही. पण त्यातल्या दोन गोष्टी कुठेही पाळता येतात. एक, मुलाला फसवून, नजर चुकवून निघून जायचं नाही. 'मी जातोय, तुझा खेळ झाला की न्यायला येतो' असं सांगूनच निघायचं. दोन, या दिवसांत शिक्षिकेने पालकांना वर्गात बसू द्यायचं आणि मुलाला ते कसे शांत करतात ते पाहायचं. कुणी पाठीवर थोपटतं, कुणी एकच गाणं पुन्हा पुन्हा म्हणतं, कुणी काहीच न करता नुसतं जवळ बसतं. हे ज्ञान शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात मिळणार नाही.

काय विचारायचं

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, टूसॉन शहरात, लुईस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांना मुलांच्या घरी पाठवलं. पण शिकवायला नाही, शिकायला. १९९२ मध्ये त्यांनी त्याविषयी लिहिलं. कामकरी, मुख्यतः मेक्सिकन वंशाची ही कुटुंबं शाळेच्या दृष्टीने 'मागे पडलेली' होती. शिक्षकांना घरात दिसलं ते भलतंच: शेती आणि जनावरांची माहिती, बांधकाम, यंत्रदुरुस्ती, व्यापार, औषधी वनस्पती, घर चालवण्याचं गणित. या साठ्याला त्यांनी 'ज्ञानाचा निधी' म्हटलं. एक मुलगा मेक्सिकोहून आणलेली कँडी विकतो हे कळल्यावर त्याच्या शिक्षिकेने वर्गात कँडीवरच अभ्यास सुरू केला. ती कशी बनते, दोन देशांतल्या कँडीत काय फरक, याचा शोध मुलांनी घेतला आणि एका आईने वर्गात येऊन कँडी करून दाखवली. ती मुलं बालवर्गापेक्षा मोठी होती, पण तत्त्व लहानांना जास्तच लागू पडतं. छोट्या मुलाचं सगळं जग घरातूनच आलेलं असतं.

म्हणून प्रवेशाच्या अर्जात नाव, जन्मतारीख, व्यवसाय एवढं लिहून घेतल्यावर खरे प्रश्न सुरू व्हायला हवेत. 'तुमचं मूल कशात तासभर रमतं?' 'घाबरलं की काय करतं?' 'घरात सगळ्यांत जास्त कुणाचं ऐकतं?' 'झोपताना कोणती भाषा ऐकतं?' 'तुम्हाला स्वतःला काय करायला आवडतं?' 'या वर्षी त्याच्याकडून तुम्हाला काय व्हावंसं वाटतं?' शेवटच्या प्रश्नाला अनेकदा 'लिहायला-वाचायला यावं' असं उत्तर येतं, पण थोडं थांबलं की 'त्याला मित्र व्हावेत' किंवा 'तिची भीती जावी' असंही येतं. अर्जावर हे प्रश्न छापून उत्तरं लिहून मागितली तर ज्यांना लिहायला अवघड जातं ते पालक पुन्हा मागे पडतात. त्यामुळे हे बोलूनच विचारायचं. आणि उत्तराचा उपयोग वर्गात दिसला पाहिजे. ज्या आईने सांगितलं की मुलाला चाकांचं वेड आहे, तिला आठवड्याभरात चाकांचा खेळ वर्गात दिसला, की पुढच्या वेळी ती न विचारता सांगायला लागते.

इथे घरच्या भाषेबद्दल थोडं ठामपणे बोलायला हवं. अनेक शाळा अजूनही पालकांना सल्ला देतात की घरी शाळेच्याच भाषेत बोला. ज्या भाषेत आईवडील हसतात, रागावतात, गोष्ट सांगतात ती भाषा सोडून मोडक्यातोडक्या परक्या भाषेत बोलायला लावलं, तर घरातलं बोलणंच आटतं, आणि आटलेल्या बोलण्यातून कुठलीच भाषा फुलत नाही. सुरुवातीचं शिक्षण मातृभाषेत असावं ही शिफारस युनेस्कोच्या तज्ज्ञांनी १९५३ मध्येच केली होती. वर्गाची भाषा वेगळी असली तरी घरची भाषा घरात भरभरून बोला, एवढं शाळेने पालकांना आवर्जून सांगावं.

रोजचा संवाद

वर्षातून दोन सभांपेक्षा रोज दारात होणारं अर्ध्या मिनिटाचं बोलणं जास्त काम करतं. 'आज तिने पहिल्यांदा दुसऱ्याला घसरगुंडीवर पुढे जाऊ दिलं,' असं एक नेमकं वाक्य. 'छान होती', 'शहाणी आहे' यातून पालकांना काहीच मिळत नाही. नेमकी गोष्ट सांगितली की पालकांना दोन गोष्टी कळतात: शिक्षिकेने माझ्या मुलाकडे खरंच पाहिलं, आणि तिला कोणती गोष्ट मोलाची वाटते. वर्षातलं पहिलं बोलणं चांगल्या बातमीचं असावं. पहिला फोनच तक्रारीचा असला तर पुढचा प्रत्येक फोन उचलताना पोटात गोळा येतो.

मोबाइलचा उपयोगही विचार करून करता येतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये चार वर्षांच्या मुलांच्या पालकांना आठ महिने, आठवड्याला तीन छोटे संदेश पाठवले. एकात माहिती, दुसऱ्यात सहज करता येईल अशी कृती, तिसऱ्यात ती थोडी पुढे नेण्याची कल्पना. अंघोळ घालताना साबण आणि शाम्पूच्या बाटल्यांवरची अक्षरं शोधा, असल्या या कृती. पालकांचं मुलांसोबत असं करणं वाढलं, शिक्षकांशी बोलणं वाढलं आणि मुलांच्या अक्षरओळखीतही फरक दिसला. संदेश छोटा होता, नेहमीच्या कामातच बसणारा होता आणि पालकांना कमीपणा देणारा नव्हता. दिवसाला चाळीस संदेश पडणारे व्हॉट्सॲप ग्रुप याच्या नेमके उलट असतात. ग्रुपवर सूचना ठीक. एखाद्या मुलाबद्दलचं बोलणं, मग ते कौतुकाचं का असेना, त्याच्या पालकांशी स्वतंत्रपणेच व्हावं.

आणि एक धोका. 'घरी सहभाग घ्या' म्हणजे घरी गिरवायला पानं पाठवणं, असा अर्थ झाला तर घराचं छोटं वर्गखोलीत रूपांतर होतं. दमून आलेली आई आणि कंटाळलेलं मूल यांच्यात संध्याकाळी वहीवरून रडारड होते आणि दोघांचं नातं थोडं थोडं झिजतं. घराची ताकद वर्गात नसलेल्या गोष्टींत आहे: एका मुलासाठी असलेला एक मोठा माणूस, खरीखुरी कामं, संथ वेळ. कपड्यांच्या घड्या घालताना जोड्या लावणं हे गणितच आहे. त्याला गृहपाठ म्हणायची गरज नाही.

वस्ती कुठे येते

जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक बँक यांनी २०१८ मध्ये लहान मुलांच्या संगोपनासाठी पाच गोष्टी एकत्र लागतात असं मांडलं: चांगलं आरोग्य, पुरेसं पोषण, प्रतिसाद देणारी प्रेमळ काळजी, सुरक्षितता आणि शिकण्याच्या संधी. ही यादी वाचली की लगेच लक्षात येतं, कुठलीही शाळा एकटी हे करू शकत नाही. ऐकू कमी येणाऱ्या मुलाला आरोग्यसेवेशी जोडावं लागतं, घरात हिंसा असेल तर मदत करणाऱ्या संस्थेशी. बालवर्गाच्या शिक्षिकेला स्वतः डॉक्टर किंवा समुपदेशक व्हायचं नाही. पण जवळपास कोण काय मदत करतं, कुणाला फोन करायचा, याची ताजी यादी तिच्याकडे असावी, आणि पालकांना नुसता पत्ता न देता पहिल्या भेटीची वेळ जुळवून द्यावी. नुसता पत्ता मिळालेले बरेच जण कधी पोचतच नाहीत.

पण वस्ती म्हणजे फक्त सेवा पुरवणारी कार्यालयं नव्हेत. इटलीत दुसरं महायुद्ध संपताच, १९४५ च्या वसंतात, रेज्जो एमिलिया शहराजवळच्या व्हिला चेल्ला गावातल्या लोकांनी स्वतः बालशाळा बांधायला घेतली. जर्मन सैन्य मागे सोडून गेलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकून सुरुवातीचा पैसा उभा राहिला. ही बातमी ऐकून लोरिस मालागुत्सी नावाचा तरुण शिक्षक सायकलवरून तिथे गेला आणि पुढे तेच त्याचं आयुष्याचं काम झालं. १९६३ मध्ये त्या शहरात नगरपालिकेची पहिली बालशाळा सुरू झाली. आज जगभरातून लोक तिथली मुलांची कला आणि प्रकल्प पाहायला जातात. त्यामागे पालक आणि नागरिकांनी शाळा आपली मानली होती, हा भाग मात्र सोबत नेत नाहीत. त्याच वर्षी, १९४५ मध्ये, ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांना सोबत घेऊन बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचं काम सुरू केलं. १९५७ मध्ये ते कोसबाडला गेलं. मुलं शाळेपर्यंत येत नसतील तर शाळेनेच त्यांच्या अंगणात जायचं, या त्यांच्या विचारातून अंगणवाडीची कल्पना आकाराला आली. न्यूझीलंडमध्ये १९४१ पासून चालत आलेल्या 'प्लेसेंटर'मध्ये तर पालकच प्रशिक्षण घेऊन आळीपाळीने वर्ग चालवतात.

एवढं मोठं काही उभारता आलं नाही तरी सुतारकाम करणारे आजोबा, वाचनालयातल्या ताई, जवळची रोपवाटिका यांच्यापासून सुरुवात होऊ शकते. फक्त बाहेरची माणसं मुलांमध्ये येणार असतील तर त्यांची नीट चौकशी करायची आणि कुणालाही मुलांसोबत एकटं सोडायचं नाही. हा नियम सगळ्यांना सारखा असला की कुणाला वाईट वाटत नाही.

निर्णयांत वाटा देण्यापाशी मात्र बहुतेक शाळा थबकतात. अमेरिकेत १९६५ मध्ये सुरू झालेल्या 'हेड स्टार्ट' या सरकारी कार्यक्रमात धोरण ठरवणाऱ्या पालक परिषदा असतात आणि त्यांतले बहुसंख्य सदस्य त्या वेळी शिकत असलेल्या मुलांचे पालक असावेत असा नियमच आहे. रंग कोणता लावायचा हे विचारणं सोपं असतं. वेळ, सुट्या, खर्च, नेमणुका यांबद्दल विचारलं की पालकांना कळतं, आपलं मत खरंच हवं आहे.

पटत नाही तेव्हा

भागीदारी असली की मतभेद येणारच. सगळ्यांत जास्त वेळा होणारा वाद म्हणजे 'नुसतं खेळवता, लिहायला कधी शिकवणार?' पालकांच्या या प्रश्नामागे मुलाच्या भविष्याची खरी धास्ती असते. त्याला अडाणीपणा समजू नये. व्याख्यान देण्यापेक्षा पालकांना तासभर वर्गात बसवावं आणि एकच मूल दाखवावं: ठोकळे रचताना ते मोजतंय, चिमटीने मणी ओवताना लिहिण्यासाठी लागणारी बोटं तयार होतायत, भांडण सोडवताना वाक्यं जुळवतंय. दिसलेलं पटतं. कधी कधी पालकांचं म्हणणंही बरोबर निघतं; वर्गात पुस्तकंच कमी असतात, आणि ते मान्य करायला हवं.

मारण्याबद्दल मतभेद झाला तर तिथे शाळेने मागे सरू नये. 'घरी ऐकलं नाही तर तुम्ही दोन द्या, आमची हरकत नाही,' असं सांगणाऱ्या पालकांना शांतपणे सांगावं की इथे हात उगारला जाणार नाही, आणि मग त्याऐवजी काय केल्याने उपयोग होतो ते सोबत बसून शोधावं. मुलाला इजा होतेय अशी शंका असेल, तेव्हा मुलाची सुरक्षितता नात्यापेक्षा वर असते आणि कायद्याने जिथे कळवायला हवं तिथे कळवावंच लागतं. बाकी जवळपास प्रत्येक बाबतीत तडजोडीला जागा असते.

पहिलीत जाताना

सगळ्यांत हळहळ वाटावी असं नुकसान बालवर्ग संपताना होतं. दोन-तीन वर्षांत शिक्षिका आणि पालकांनी मिळून मुलाबद्दल जे ओळखलं ते त्यांच्यापाशीच राहतं. नव्या शाळेत मुलासोबत जन्मदाखला पोचतो, पण गर्दीत ते गोंधळतं, नव्या खेळात शिरण्याआधी खूप वेळ बघत बसतं, शब्दांपेक्षा चित्रातून जास्त सांगतं, हे पोचत नाही. मग पहिले तीन महिने सगळं पुन्हा नव्याने शोधण्यात जातात.

याला उपाय एका पानाचा आहे. बालवर्गाच्या शेवटच्या महिन्यात शिक्षिका आणि पालकांनी एकत्र बसून लिहायचं: मूल कशात रमतं, कशाने बुजतं, बुजल्यावर कशाने सावरतं. काय पुढे द्यायचं आणि काय नाही हे पालकांनी ठरवायचं. मुलाला काय सांगावंसं वाटतं ते त्याच्याच शब्दांत खाली टिपायचं. आणि नव्या शिक्षिकेला वर्ग सुरू होण्याआधी ही पानं वाचायला, दोन-चार पालकांशी बोलायला वेळ मिळाला पाहिजे. तो वेळ शाळेच्या वेळापत्रकात धरलेला हवा. शिक्षिकेने तो रात्री घरी बसून काढावा, अशी अपेक्षा ठेवली तर पानं कपाटातच राहतील.